तांबडा गळा

चष्मेवाला भिंग बदलून विचारतो, "आता? हे बरं की आधीचं?" दोन्ही सारखीच दिसतात. मागे माणसं खोळंबलेली. वहिनी म्हणते, "हे." चष्मेवाला खूश होतो.

दोन चमचे साखर, तेवढंच वजन. तेवढ्या जिवावर एक पक्षी समुद्र ओलांडतो.

दवाखान्यातल्या पडद्यावर करडं धुकं हलतं. "हे बघा नाक. हा हात." नवरा म्हणतो, "अरे वा!" वहिनी म्हणते, "अरे वा!" मुलीचं नाक तिला पहिल्यांदा दिसलं ते मुलगी जन्मल्यावर.

एक न्हावी रिकामा पिंजरा घेऊन रानात शिरतो आणि शीळ घालतो.

"दिसला?"

"मला नाही बुवा. वहिनी, तुम्हाला?"

"हो. दिसला की."

या शेवटच्या दोन शब्दांपासून सगळं बिघडलं, तेव्हा तिथूनच सांगायला हवं.

राखीव रानात स्थलांतराच्या दिवसांत दर रविवारी पक्षीफेरी निघे. ती नेणारी म्हणजे वहिनीची धाकटी नणंद. चाळिशीला आली तरी घरात तिला छोटीच म्हणत. फेरीतली माणसं तिला ताई म्हणत, आणि ताईची वहिनी ती सगळ्यांचीच वहिनी. वहिनीला पक्ष्यांचं वेड होतं असं मुळीच नाही. मुलगी शिकायला बाहेर गेली, रविवारी सकाळी घर खायला उठू लागलं, छोटी म्हणाली, "चल गं माझ्याबरोबर," ही गेली. नवऱ्याची दुर्बीण गळ्यात अडकवून गेली. तिच्या एका नळीतून गवत दिसे, दुसरीतून स्वतःची पापणी.

सुरुवातीला ती खरं सांगायची, नाही दिसला म्हणून. मग अख्खी फेरी थांबायची आणि जो तो एकाच वेळी मदतीला धावायचा. ती वाळकी फांदी दिसते का? तिच्या डावीकडे. तिथे नाही हो, ते पान आहे. तेवढ्यात पक्षी भुर्र. सगळे म्हणायचे, "असू दे, असू दे," आणि त्या असू देमध्ये तिला लहानपणीचा वर्ग आठवायचा, जिथे गणित न आलेली एकटी उभी असायची. एकदा ती सहज "दिसला" म्हणाली. सगळे हसले, पुढे चालू लागले. इतकं सोपं होतं ते! तेव्हापासून तिला सगळे पक्षी दिसू लागले.

त्या रविवारी झिमझिम होती, म्हणून फेरीला तिघंच आले: छोटी, वहिनी आणि काका. काका म्हणजे निवृत्त बसकंडक्टर. पायवाटेवरही ते शेवटच्या माणसाला "पुढे सरका, पुढे जागा आहे" म्हणत. दलदलीवरून फळ्यांची अरुंद वाट जाते, तिथे वाळुंजाच्या झाडांपाशी छोटी एकदम थबकली. हात वर. वहिनी सगळ्यांच्या मागे, काकांच्या रुंद पाठीआड.

"माशीमार," छोटी कुजबुजली. "तांबड्या गळ्याचा माशीमार. शेपटी बघा कशी उडवतोय... अरे देवा, हा इकडे कुठे वाट चुकला?"

तिचा आवाज कापत होता. लग्नातसुद्धा तो कापला नव्हता.

वहिनीने काय पाहिलं ते असं. काकांच्या रेनकोटची टोपी. टोपीच्या कडेला लोंबणारा थेंब. एक फांदी, जी हलली. फांदी वाऱ्याने हलली असेल.

"दिसला?"

"मला नाही बुवा," काका म्हणाले. "वहिनी, तुम्हाला?"

"हो. दिसला की."

छोटी वळली. तिने फळ्यांच्या त्या निसरड्या वाटेवर, भर दलदलीत, वहिनीला मिठी मारली. "खरंच? दोघींनी पाहिला! अगं, मग झालं काम!" कॅमेरा पावसामुळे पिशवीत, पिशवी प्लॅस्टिकमध्ये. तिने गाठीला हात घातला, तेवढ्यात काकांना खोकल्याची ढास लागली. छोटीने झाडाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. "जाऊ दे फोटो. साक्षीदार आहे आता. चला काका, छपराखाली चला, भिजाल."

आणि तिघं निघाले.

साक्षीदार म्हणजे काय ते वहिनीला छपराखाली चहा पिताना समजलं. दुर्मीळ पक्ष्याची नोंद व्हायची तर फोटो लागतो, नाहीतर पाहिलेली दोन माणसं. एकट्याच्या शब्दावर नोंद होत नाही, आणि छोटीच्या शब्दावर तर नाहीच नाही. दोन वर्षांपूर्वी तिने फिंच नावाच्या एका परदेशी पक्ष्याची वर्दी दिली होती. लांबलांबून लोक नळकांड्याएवढी भिंगं घेऊन आले. तिसऱ्या दिवशी बाजारातला न्हावी पिंजरा घेऊन आला, त्याने शीळ घातली आणि तो दुर्मीळ पक्षी येऊन त्याच्या खांद्यावर बसला. लोक अजून तिला मागून "पिंजरेवाल्या ताई" म्हणत. फेऱ्या कुणी न्यायच्या हे ठरवणारे दातांचे डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, "आणखी एकदा असं झालं तर मला विचार करावा लागेल."

"आता बघू कोण पिंजरा म्हणतं," छोटी म्हणाली आणि बिस्किट चहात बुडवायचं सोडून तशीच हसत बसली. बिस्किट हातातच ओलं होऊन मोडलं.

तेव्हा सांगता आलं असतं. वहिनीने तोंड उघडलंही. त्यातून निघालं ते एवढंच, "अजून चहा घेतेस?"

दुपारी छोटी एकटी परत गेली. झाडं होती, पक्षी नव्हता.

त्या आठवड्यात छोटी दोनदा घरी आली आणि दोन्ही वेळा माशीमाराचं नाव निघालं की कानांवर हात ठेवी. "डॉक्टर आपल्याला वेगवेगळं विचारणार. आधी बोलायचं नाही, ठरवल्यासारखं होतं. पुस्तकसुद्धा बघू नकोस. तू जे पाहिलंस तेवढंच सांग. अगदी अडाण्यासारखं सांगितलंस तरी चालेल. उलट बरंच."

"हिला काय, ही फ्रिजमधलं दही शोधू शकत नाही," नवरा पेपरमागून म्हणाला.

"दादा, तू गप. तुझ्यापेक्षा जास्त पाहिलंय तिने."

ती गेल्यावर वहिनीने शेल्फातलं पुस्तक पदराआड घेतलं आणि स्वतःच्याच घरात चोरासारखी न्हाणीघरात कडी लावून, उपड्या बादलीवर बसून पान काढलं. तिथे तो होता. गळा असा तांबडा, जसं कुणी नुकतंच कुंचल्याने रंगवून ठेवलंय. मस्तक राखी, शेपटीच्या बुडाशी पांढरं. कवितेसारखं तिने ते पाठ केलं. त्याच पानावर खाली आणखी एक चित्र होतं, लहान, मळकट, बिनरंगी गळ्याचं: पहिल्या वर्षाचं पिल्लू. ते तिला दिसलं नाही असं नाही. पण असल्या फिकट जिवासाठी छोटीचा आवाज एवढा कापेल, हे तिला पटेना.

बाहेरून नवऱ्याने दार वाजवलं. "झोपलीस का काय आत?"

"आले, आले."

राखीव रानाचं ऑफिस म्हणजे पत्र्याची एक खोली. भिंतीवर भरती-ओहोटीचा तक्ता, कोपऱ्यात चिखलाचे बूट. दातांचे डॉक्टर टेबलामागे बसले होते. त्यांचा आवाज मऊ होता, आ करायला लावणारा. छोटीला त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं. ती खिडकीपाशी बसून बोटं मोडत होती. डॉक्टरांनी तिला बाहेर जायला सांगितलं नाही, फक्त "मध्ये बोलायचं नाही" म्हणाले.

"बसा वहिनी. घाबरू नका, काही उपटणार नाही. किती मोठा होता?"

"चिमणीहून लहान."

"छान. काय करत होता?"

"शेपटी उडवत होता. सारखी." हे छोटीने तिथेच म्हटलं होतं.

"शेपटी कशी होती?"

"बुडाशी पांढरी."

छोटीचा चेहरा असा फुलला की वहिनीला स्वतःचंच खरं वाटू लागलं. ती पाहत होती, तिने पाहिला होता, वाळुंजाच्या फांदीवर, झिमझिम पावसात. शाबासकी माणसाला कुठल्या कुठे नेते.

"आणि गळा?"

"तांबडा," वहिनी म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "जरा आठवून सांगा. घाई नाही. तांबूस झाक, की..."

"छे, झाक कसली! चांगला तांबडा भडक. दुरून डोळ्यांत भरत होता."

पत्र्यावर एक वाळकं पान घासत गेलं. वहिनीने खिडकीकडे पाहिलं. छोटी हसत होती तशीच होती, फक्त ते हसू आता तिच्या चेहऱ्यावर कुणी विसरून गेल्यासारखं होतं.

"ताईंनी आपल्या वर्णनात," डॉक्टर सावकाश म्हणाले, "त्याच वर्षीचं पिल्लू सांगितलंय. गळा फिकट, मळकट. तांबडा अजिबात नाही."

अजूनही वेळ होती. दोन शब्द, फार तर चार. मी पाहिलाच नाही. एवढं म्हटलं असतं तर नोंद झाली नसती, पण छोटी खोटी पडली नसती. एकटीने पाहिला, पुरावा नाही, विषय संपला. जमिनीने पोटात घ्यावं म्हणतात, पण ती खोली नेमकी विटांच्या ठोकळ्यांवर उभी होती. खाली जमीन नव्हतीच.

"माझीच चूक," छोटी म्हणाली.

"ताई, मी म्हटलं होतं, मध्ये..."

"नाही, माझीच. पाऊस होता, उजेड नव्हता. वहिनी सांगतेय ते बरोबर असेल. तांबड्या गळ्याचा दुसरा एक साधा पक्षीही असतो. मला वाटलं ते मी पाहिलं. मी वर्दी मागे घेते."

डॉक्टरांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. दातांच्या डॉक्टरांना कीड नेमकी कुठल्या दातात आहे ते कळतं. पण पेशंटच म्हणत असेल हाच दुखतो, तर ते तरी काय करणार. "मग पुढच्या रविवारपासून," ते म्हणाले, "आपण जरा... दुसऱ्या कुणाला पाठवू. तुम्हीही विश्रांती घ्या थोडी."

"हो. बरं होईल."

बसथांब्यावर दोघीच होत्या. बस येत नव्हती. छोटी रस्त्याच्या टोकाकडे पाहत होती, दुर्बीण न लावता, नुसत्या डोळ्यांनी.

"वहिनी, तुला दिसला नव्हता ना?"

"नाही."

"बरं."

"मी आत्ता जाते. आत्ताच्या आत्ता जाऊन सांगते त्यांना, मी खोटं बोलले म्हणून."

"आणि ते काय समजतील? मीच शिकवून आणली होती, आणि उघडं पडल्यावर आता तुला बळीचा बकरा करून परत धाडली. नको गं." ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने वहिनीच्या पिशवीचा निसटलेला बंद वर केला, नेहमी करायची तसाच. "तांबडा भडक म्हणे. पुस्तकातलं मोठं चित्र पाहिलंस ना?"

"हो."

"सगळे तेच बघतात."

बस आली. मागची जागा रिकामी होती, दोघी शेजारी बसल्या. वहिनीचा स्टॉप आधी यायचा, पण उतरायची वेळ झाली तरी ती उठली नाही. छोटीने बेल वाजवली, "ऊठ, दादा वाट बघत असेल," म्हणाली, आणि वहिनी उठली. खाली उतरून तिने वर पाहिलं. काचेवर घाण होती, आतलं काही दिसत नव्हतं. तरी तिने हात हलवला, जणू दिसतंय.

त्या झिमझिमत्या रविवारी फेरी निघण्याआधी छोटीने फाटकापाशी दोघांना सांगितलं होतं, की पक्षी नाही दिसला तर बिनधास्त नाही म्हणा, दिसेपर्यंत आपण थांबू. काकांना डाव्या कानाने ऐकू येत नसे, म्हणून वहिनीने तेच त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने पुन्हा सांगितलं होतं.