शिंपल्यातली नाणी

“दर्या माझा सखा गं, भरील माझी ओंजळ...” रत्नागिरीच्या खाडीवर जाळं विणताना आई गुणगुणायची. तो आवाज ताहेराच्या कानात मुरलेला. म्हणून चौऱ्याण्णव साली, आखाती देशातल्या उम्म अल हस्सम वस्तीतल्या एका फ्लॅटमध्ये, दर्याबाबा म्हणवणाऱ्या फकिराने बादलीतला शिंपला उघडून नाणं काढलं तेव्हा तिला ते लगेच पटलं.

तिथं पाय ठेवायला जागा नसायची. सित्र्याच्या तेल कारखान्यातून शिफ्ट संपवून आलेले फिटर, बँकेतले साहेब, सगळे माना उंचावून बघत. “इन्सान का हाथ नहीं लगा,” बाबा सांगे, “समुंदर ने खुद ढाला है. देखो, सीप की मुहर.” नाण्यावर किल्ला, किल्ल्याखाली इवलासा शिंपला. समुद्राला सही करायची एवढी हौस कधीपासून, हे कुणी विचारलं नाही. ज्याने त्याने आपलं नाणं घरी न्यायचं, ते बुडवलेलं पाणी प्यायचं, औषध बंद. पुरावा म्हणून ताहेराची लेक जिकरा पुढे उभी. पाणी सुरू झाल्यापासून पोरीला एकही फीट आली नव्हती. तिला बघून शेजारच्या शरीफुन्निसाचाचींनी साखरेचं इंजेक्शन सोडलं आणि त्या बेशुद्ध होऊन इस्पितळात गेल्या. बाबा म्हणाला, ईमान कच्चा था.

ताहेराचा नवरा कमाल तेव्हाही खाली मान घालून बसला होता.

पुढच्या बैठकीला दातांच्या डॉक्टर चारुलता आल्या. त्यांना जुन्या नाण्यांचा नाद. त्यांनी जिकराचं आणि चाचींचं नाणं शेजारी शेजारी धरलं.

“हा शिंपला समुद्राचा नाही. स्पेनमधल्या ला कोरुन्याच्या टांकसाळीची खूण आहे. तोलेदोची टी, सेगोव्हियाची पाण्याची कमान, तशी ही. तिथली खरी नाणी एकेक करून हातोड्याने ठोकायचे. घाव सरकायचा, किल्ला कलायचा. दोन नाणी तंतोतंत जुळत नसत. इथे मात्र चीरसुद्धा एकाच जागी, आणि हा बारीक मणीही. साच्यात बुडबुडा राहिला की असा मणी उठतो, म्हणजे ही दोन्ही एकाच साच्यात ओतलेली नक्कल. दातांचे साचे मी रोज बघते.”

मग बादलीतला एक मिटलेला शिंपला त्यांनी सुईने खरवडला. चिकट डिंक निघाला. मेलेला शिंपला आ वासतो, हे खाडीवरच्या ताहेराला लहानपणापासून ठाऊक होतं. तिचे कान तापले.

“पण पोरगी बरी झाली ना?” मागून कुणीतरी म्हणालं. बाबा हसला.

कमाल उठला.

“ती गोळ्यांनी बरी आहे. रोज खजुरात घालून मीच देतोय. घरात भांडण नको म्हणून बोललो नाही, आणि चाची तिकडे पडल्या.” त्याने सगळ्यांकडे पाहिलं. “माझ्या पोरीला बघून ज्यांनी औषध सोडलंय, त्यांनी आजच डॉक्टरकडे जा.”