त्या रविवारी चालू राहिलेला माईक

मी एक जुना माईक आहे, मित्रांनो. वायरचा, जाळीच्या डोक्याचा, मुठीत मावणारा. पेणमध्ये ओढ्याकाठच्या एका गल्लीत ‘रंगघर’ नावाची जागा आहे, तिथल्या टेबलावर मी असतो. माझ्याकडून एकदा फार वाईट घडलं. त्याला चूक म्हणावं की गुन्हा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून तुम्हालाच सगळं सांगतो.

माझी उमेदीची वर्षं रोह्याकडे गेली. तिथल्या निडी गावचे हैबतराव भातशेती सांभाळून मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा करायचे. त्यांनी मला नवाकोरा आणला. साखरपुडे, पूजा, कबड्डीचे सामने, जत्रेत चुकलेल्या मुलांची नावं, असे किती आवाज माझ्यातून गेले त्याची गणती नाही. “ह्यो माझा बोलका गडी हाय,” असं हैबतराव कौतुकाने सांगायचे आणि काम झालं की मऊ फडक्यात गुंडाळून ठेवायचे. पण शेकडो हातांतून फिरून माझी चालू-बंद करायची कळ सैल झाली. कळ खाली ओढली तरी कधी कधी मी चालूच राहायचो. हैबतरावांना ते ठाऊक होतं. ते कळ ओढून वर जाळीवर टिचकी मारून बघायचे. पुढे बिनवायरचे माईक आले, आणि हैबतरावांनी मला भोंग्यासकट पेणच्या रूबेनकाकांना देऊन टाकलं. टिचकीचं सांगायचं मात्र राहून गेलं.

रूबेनकाका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांच्या घराण्याचा तेलाचा घाणा होता. शनिवारी तो बंद असायचा, म्हणून जुनी माणसं त्यांना शनवार तेली म्हणत. घाणा कधीच थांबला, भावंडं इस्राएलला गेली, काका मात्र इथेच राहिले. घाण्याची रिकामी शेड त्यांनी गल्लीला दिली. “कुलूप घातलं तर उंदरांची व्हईल, उघडी ठेवली तर माणसांची व्हईल,” एवढंच ते म्हणाले. त्याच गल्लीतल्या समीक्षाने जागेचा कारभार हाती घेतला. भिंतींना चुना लागला, सतरंज्या आल्या, पुस्तकांचं कपाट आलं. गिरजाबाई शिकवायला येऊ लागल्या. त्यांनी तीस वर्षं गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी केली होती. मूर्तीचे डोळे रेखणं हे सगळ्यांत नाजूक काम. हात जरा हलला की देवाची नजर बिघडते.

ओढ्याच्या पलीकडे कातकरी आदिवासींची वाडी आहे. पूर्वी गल्लीचा सगळा कचरा ओढ्यात जायचा. वाडीवरच्या बाया चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, नाहीतर लाकडाची मोळी घेऊन मागच्या दाराशी यायच्या, विकून परत जायच्या. घरात कुणी बोलवायचं नाही. रंगघर सुरू झालं आणि समीक्षाने भोंगा वाडीच्या दिशेने लावला. दर रविवारी चार वाजता ती माझ्यातून सांगायची, “रंगघर उघडलंय. सगळ्यांनी या.” आधी दोघी आल्या, मग पाच, मग बारा. त्यांना चिखलातून यावं लागू नये म्हणून गल्लीने आणि वाडीने मिळून ओढा साफ केला, वर लाकडी साकव घातला. एकाच सतरंजीवर गल्लीतल्या आणि वाडीवरच्या बाया मांडीला मांडी लावून बसू लागल्या. कुणी अक्षरं गिरवायचं, कुणी शाडूची माती मळायचं. मला वाटायचं, हे सगळं माझ्या आवाजाने घडलं. अहो, केवढा ताठा होता मला!

त्या बारा जणींत ठमाबाई वयाने मोठ्या. त्यांचा हात असा स्थिर की गिरजाबाई थक्क व्हायच्या. “डोळा बसला गो तुझा,” त्या म्हणायच्या, “मला दहा वर्सं लागली ह्याला.” ठमाबाई नुसत्या हसायच्या. सरावासाठी मातीचा एक मुखवटा आणि एक ब्रश त्या घरीसुद्धा न्यायच्या.

गणपतीला महिना राहिला होता. त्या रविवारी समीक्षाने नेहमीसारखं सगळ्यांना बोलावलं, माझी कळ ओढली आणि मला टेबलावर ठेवलं. मी चालूच होतो. गिरजाबाई कपाटापाशी होत्या. आखणीचे बारीक ब्रश सापडेनात, म्हणून त्या वैतागल्या होत्या.

“सहाच्या सहा गेले. आता काय बोटानं डोळे काढू?” त्या म्हणाल्या. “तुला सांगते समीक्षा, त्या वाडीवाल्या यायला लागल्या तवापासनं कपाट उघडं टाकायची सोय नाय ऱ्हायली. हाताला सवयच असते त्यांच्या. कितीबी शिकवा.”

समीक्षा सतरंजी उलगडत राहिली. मग हळूच म्हणाली, “हूं.”

ते सगळं माझ्यातून भोंग्यात गेलं आणि भोंग्यातून ओढ्यापार. तो हूंसुद्धा. मित्रांनो, भर लग्नात, ऐन मंगलाष्टकांत मी कितीदा खरखरलो होतो, अडकलो होतो, मुका झालो होतो. त्या एका दिवशी खरखरलो असतो तर! पण त्या दिवशी माझा आवाज काचेसारखा स्वच्छ होता.

रूबेनकाका धावत आत आले. त्यांना धाप लागली होती. त्यांनी माझी वायर उपटली.

“काय बोललात तुम्ही? माईक चालू हाय! बाया साकवावर होत्या. ऐकलं त्यांनी. मागं फिरल्या सगळ्या.”

गिरजाबाईंनी कपाटाचं दार लोटलं. समीक्षा दारात गेली. साकव रिकामा होता.

“मेल्या माईकनं घात केला,” गिरजाबाई म्हणाल्या. मला टेबलाच्या खणात टाकलं गेलं. पुढचे तीन रविवार मी अंधारात होतो. बाहेर सतरंज्या पसरल्याचा आवाज यायचा, पण पावलं थोडीच यायची. ‘सगळ्यांनी या’ असं कुणी म्हणत नव्हतं. मी विचार करायचो, शब्द तर माझे नव्हते, मग मी एवढा का जळतोय? कारण ज्या बायांना मी हाका मारून बोलावलं, त्यांना वाटेतच मी मारलं होतं.

चौथ्या रविवारी ब्रश सापडले. खणाच्या फटीतून मी सगळं पाहिलं. झुरळं केस कुरतडतात म्हणून कुणीतरी ते फडक्यात बांधून डब्यात घातले होते आणि डबा कपाटावर ठेवला होता. गाठ बघताच गिरजाबाईंनी डबा खाली ठेवला. गाठ त्यांचीच होती.

आणि नेमक्या त्याच दिवशी ठमाबाई आल्या. एकट्याच. शिकायला नाही, घरी नेलेला मुखवटा आणि ब्रश परत करायला. दाराच्या आत त्या आल्याच नाहीत.

“घ्या. मोजून घ्या,” त्या म्हणाल्या.

गिरजाबाई उठून दाराशी गेल्या. “ठमाबाय, ब्रश सापडले गो. मीच ठेवलेले, मीच इसारले. चुकले मी.”

“सापडले म्हणून चुकलीस?” ठमाबाईंचा आवाज चढला नाही. “नसते सापडले तर?”

ठमाबाईंनी मुखवटा उंबऱ्यावर ठेवला.

“तर आमीच चोर ऱ्हायलो असतो ना? तू मला डोळा काढाया शिकवलास. माझ्याकडं कदी बघितलंस का नीट?”

गिरजाबाईंना रडू फुटलं. समीक्षा पुढे झाली. “मावशी, त्यांच्याइतकीच मीही चुकले. मला पटलं नव्हतं, तरी मी हूं म्हटलं. नाही म्हणायला हवं होतं.”

“हितं मला सांगून काय उपेग?” ठमाबाई म्हणाल्या. “भोंग्यातनं बोललात. माझ्या सुनंनं ऐकलं, नातवंडांनी ऐकलं, रस्त्यावरच्या माणसांनी ऐकलं. तिथनंच सांगा.”

रूबेनकाकांनी खण उघडला. माझ्यावरची धूळ सदऱ्याने पुसली आणि वायर पुन्हा जोडली. गिरजाबाईंनी मला हातात धरलं, तीस वर्षं देवाचे डोळे रेखणाऱ्या हातात.

“मी गिरजा बोलते,” त्या म्हणाल्या. “वाडीवरच्या बायांना मी चोर म्हटलं. ते खोटं होतं. ब्रश सापडले म्हणून नाय सांगत. नसते सापडले तरी ते खोटंच होतं. माझ्या मनात घाण होती, ती मी त्यांच्या अंगावर टाकली.” मग त्यांनी मला समीक्षाकडे दिलं. त्यांच्यामागून समीक्षाने आपल्या हूंबद्दल सांगितलं, स्वतःचं नाव घेऊन, न चाचरता.

रूबेनकाकांनी कपाटाची चावी ठमाबाईंपुढे धरली. ठमाबाईंनी ती घेतली नाही. “चोर नाय हे दावायला राखणदार कशाला करता आमाला?” त्या म्हणाल्या. “कपाट उघडं ठेवा. आनि हितं काय ठरवायचं असंल तवा आमाला बी बसवा.”

तेव्हापासून कपाटाला कुलूप नाही. काय शिकवायचं, केव्हा उघडायचं, हे आता गल्ली आणि वाडी एकत्र बसून ठरवतात. यंदा डोळ्यांची आखणी ठमाबाई शिकवतात, आणि गिरजाबाई त्यांना रंग कालवून देतात. ऐकायला गोड वाटतं ना? पण बारापैकी आठच परत आल्या. चौघी अजून आलेल्या नाहीत. त्यांतली हौसा नुकतीच स्वतःचं नाव लिहायला शिकत होती. पहिलं अक्षर येत होतं, दुसरं राहिलं. ती आता साकवाजवळून जाते, पण इकडे बघत नाही. तिला कुणी दोष देत नाही. मी तर नाहीच.

समीक्षाने माझी कळ बदलून घेतली. आता कळ ओढली की मी खरोखर गप्प होतो. सगळा दोष कळीचाच होता असं मानलं, तर मला सुखाने जगता येईल. पण मी तिथे होतो, मी ऐकलं आहे.

मित्रांनो, मला धुळीपासून जपा, वायर पिळू नका, पावसात ठेवू नका. आणि एक विनंती करतो. बोलण्याआधी माईक बंद आहे का, एवढंच बघू नका. ज्यांच्याविषयी बोलताय ती माणसं साकवावरून तुमच्याकडेच येत आहेत, असं समजून बोला.