अळंबीचं पहिलं पाणी

त्या वर्षी पितरांच्या दिवशी विल्शांका गावच्या पितरांना फार घाईत जेवावं लागलं. लेकरंबाळं आली, कबरींवर चादरी अंथरल्या, लाल अंडी, पाव आणि खारवलेली डुकराची चरबी मांडली, मेलेल्यांच्या नावाने एकेक पेला रिचवला, आणि सगळी चर्चमागच्या विहिरीकडे पळाली. तिथे चमत्कार होता. पितर कुठे पळून जातात?

मी पारास्का. अणुभट्टी फुटायच्या आधी या गावच्या दवाखान्यात नर्स होते. आता गावात रानडुकरं राहतात, माझ्या दवाखान्याच्या छपरातून बर्चचं झाड वर आलंय. आम्हा माणसांना ईस्टरनंतरचा हा एकच दिवस बंदी असलेल्या भागाच्या चौकीचं फाटक उघडतं. वर्षभर ज्या दिवसाची वाट पाहायची, तो दिवस त्या वर्षी फादर साव्हाने पळवला.

याला फादर कुणी केलं हे फादरलाच ठाऊक. झगा लांब, दाढी त्याहून लांब, आणि गळ्यात क्रूसाच्या शेजारी किरणं मोजायची पिवळी डबी. सकाळी बस थांबल्या थांबल्या त्याने विहिरीच्या कट्ट्यावर चढून प्रवचन झोडलं होतं.

"लेकरांनो, शास्त्रज्ञ म्हणतात या मातीतलं विष जायला तीनशे वर्षं लागतील. बरोबर आहे. शास्त्रज्ञाला तीनशे वर्षं लागतात. देवाला एक दुपार पुरते."

मग त्याने पोतं उघडलं. आमच्याच रानातल्या, गेल्या शरदात वाळवलेल्या अळंब्या. गावाभोवतीच्या जंगलात विष सगळ्यात जास्त शोषून घेणारी कोण, तर ही अळंबी. डबी तिच्यात खुपसली तशी ती तडतडायला लागली, तापल्या तव्यावर पाणी पडावं तशी. बायका दोन पावलं मागे सरकल्या. साव्हाने विहिरीचं पाणी लाकडी टबात ओतलं, ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी भाजून काळं केलेलं मीठ मूठमूठ टाकलं, अळंब्या बुडवल्या, वर भरतकामाचा टॉवेल अंथरला आणि म्हणाला, "जा, पितरांना भेटून या. मी इथे प्रार्थना करतो."

प्रार्थना म्हणजे काय, ते मी कबरीवरून बघत होते. तीन कुटुंबांच्या चादरींवर बसून त्याने चरबी खाल्ली, पेले रिकामे केले, आणि एकदाही टबाकडे फिरकला नाही. देवाचा आणि त्याचा काही आतला करार असावा.

दुपार कलली तशी गर्दी परत जमली. साव्हाने टॉवेल काढला, फुगलेल्या अळंब्या दोन्ही हातांनी पिळून काढल्या, पार पलीकडे नेऊन पांढऱ्या कापडावर ठेवल्या आणि डबी वर धरली. अधूनमधून एखादी टिक. बस्स. सकाळचा तो तडतडाट गायब.

लोक गुडघ्यावर बसले. म्हातारा ओव्हेर्को, ज्याने आयुष्यात फक्त ट्रॅक्टरवर विश्वास ठेवला, तोसुद्धा टोपी काढून रडायला लागला. मला राग आला, आणि खरं सांगते, वाईटही वाटलं. तीस वर्षं आपलं घर विषारी आहे असं ऐकलेल्या माणसाला कुणी म्हणालं की नाही हो, आता नाही, तर तो रडणारच.

"आणि आता प्रसाद," साव्हा म्हणाला. त्याने टबातलं तपकिरी पाणी पळीने पेल्यात घेतलं. "माझी सगळी प्रार्थना या पाण्यात उतरलीय. आजाऱ्यांनी प्यावं, गरोदर बायांनी आधी प्यावं. एक थेंब सांडू नका. पवित्र पाणी फेकणं म्हणजे पाप."

रांगेत पहिली होती मोत्र्या, माझी जुनी शेजारीण. तिने नातीला, उल्यानाला, हाताला धरून पुढे ओढलं. साव्हाने तो पहिला पेला तिच्या हातात दिला. उल्यानाला सहावा महिना होता. आधीचं एक गेलं होतं.

"मोत्र्या, थांब जरा," मी म्हटलं. "हे पाणी कसलं आहे?"

"पवित्र आहे."

"त्याच्या आधी कसलं होतं?"

"पारास्का, आज नको ना. तुझं नेहमीचं सुरू झालं."

"अगं, तू अळंबी भिजवतेस तेव्हा पहिल्या पाण्याचं काय करतेस?"

ती उल्यानाच्या हातातल्या पेल्याकडे बघायला लागली. आमच्या या पोलेस्या भागातली एकही बाई अशी नाही जिला हे माहीत नाही. मिठाच्या पाण्यात अळंबी भिजवायची, आणि ते पहिलं पाणी लांब खड्ड्यात ओतायचं. कोंबड्यांनाही घालायचं नाही. मीठ त्यातलं भट्टीचं विष, ते सेझियम, ओढून काढतं, ते पाण्यात उतरतं. आमच्या सासवासुनांचं एका गोष्टीवर एकमत असेल तर ते हेच. आणि आज त्याच बाया पेले घेऊन रांगेत, कारण पाणी पवित्र झालं होतं, आणि पवित्र पाणी फेकायचं नसतं.

"फेकते," मोत्र्या हळूच म्हणाली. "पण हे साधं नाही. डॉक्टर काय म्हणतात माहितीये तुला? 'काही सांगता येत नाही.' प्रत्येक वेळी तेच. हा निदान सांगतो तरी."

डॉक्टरांचं ती म्हणाली ते खरंच होतं. पण मला डोळे होते. साव्हा टबावर वाकायच्या आधी दरवेळी अंगठ्याने डबीचं बटण बंद करत होता. सरळ झाला की चालू. वाकला की बंद.

"फादर," मी म्हटलं, "अळंबीतली घाण गेली कुठे?"

"प्रार्थनेने जळाली, ताई."

"मग बटण चालू ठेवून वाका ना."

"बॅटरी वाचवतो."

"देवाचं काम आणि बॅटरीची काटकसर?"

दोघीतिघी फिसकन हसल्या. साव्हाचा चेहरा लाल झाला. "पवित्र पाण्याची परीक्षा घ्यायची नसते. असल्या बायांमुळेच भट्टी फुटली."

"मी तेव्हा गोवराची लस टोचत होते. भट्टीपर्यंत पोचले नाही."

"चूप बस, पारास्का," मागून कुणीतरी ओरडलं. "तुझ्यामुळे प्रसाद आटेल."

साव्हाने घाईने पळी उचलली. एका हातात पळी, दुसऱ्या हातात क्रूस, वाकला टबावर. अंगठा रिकामा नव्हता, पण बटण त्याने आधीच बंद केलं होतं. उल्याना अगदी समोर उभी होती. तिने मोकळा हात पुढे केला आणि त्याच्या गळ्यात लोंबणारी डबी चालू केली.

तडतडाट झाला. सकाळी पोत्यात होता तोच, आता टबातून. पळी पाण्यात पडली.

 मग साव्हा सावरला. अशी माणसं पटकन सावरतात, धंदाच तो. "पाहिलंत? सैतान पाण्यात अडकलाय. म्हणजे प्रार्थना फळली."

"छान," मी म्हटलं. "आणि तो सैतान तुम्ही हिच्या पोटात घालणार होता?"

"श्रद्धेने प्यालं की त्याचं बळ जातं."

"मग श्रद्धा तुमचीच सगळ्यात जास्त. पहिला पेला तुम्ही प्या."

"माझा उपवास आहे."

"फादर," म्हातारा ओव्हेर्को नाक पुसत म्हणाला, "माझ्या बायकोच्या कबरीवर तुम्ही अर्धी थाळी चरबी खाल्लीत."

मग मात्र सगळेच हसले, आणि ज्या हसण्यात राग असतो तसं हसले. साव्हा झगा सावरत बसकडे निघाला. डबीचं बटण बंद करायला तो विसरला होता. वाटेतल्या शेवाळावरून गेला तेव्हा ती पुन्हा तडतडली.

उल्यानाच्या हातात पेला तसाच होता. मोत्र्याने तो काढून घेतला. सावकाश कुंपणाबाहेरच्या खड्ड्यापर्यंत गेली, तिथे क्रूसाची खूण केली आणि पेला उपडा केला. "देवा, माफ कर," ती म्हणाली.  मी तिच्या शेजारी उभी राहिले, आणि त्या वेळी तरी टोमणा मारला नाही.

टब आम्ही बायांनीच ओतला. कापडावरच्या अळंब्याही टाकल्या. कमी तडतडतात म्हणजे खायच्या झाल्या, असं नाही.

ऑगस्टात उल्यानाला मुलगी झाली. हातपाय धड, आवाज पणजीवर, मोत्र्यावर. याचं श्रेय मी घेत नाही. घेतलं तर माझ्यात आणि साव्हात फरक काय राहिला? डॉक्टर म्हणाले तेच खरं होतं, आधी काही सांगता येत नव्हतं. 'सांगता येत नाही' हे उत्तर ऐकून घ्यायला जीव तुटतो, मी मोत्र्याकडे पाहिलंय. पण ते खोट्या उत्तरापेक्षा बरं.

साव्हा अजून फिरतो म्हणे, दुसऱ्या गावांच्या विहिरींवर. तुमच्याकडे आला तर त्याच्याशी देवाबद्दल वाद घालू नका, तिथे तो तुम्हाला हरवेल. एवढंच विचारा, की गेलं म्हणता ते गेलं कुठे. आणि गळ्यातलं बटण चालू ठेवून वाकायला सांगा.