शेवटचे दोन मुक्काम

हरेश ऑफिसात आला तेव्हा रंजितानं त्याला खुर्ची दिली, पाणी विचारलं आणि मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्यातल्या पाच पिढ्या तिच्याही होत्या, कारण हरेश तिचा चुलतभाऊच. पण राग आल्यावर एवढा हिशेब कोण करतं!

भिवंडीतल्या त्या टूरच्या ऑफिसात ती तीन वर्षं कामाला होती. हरेशचं लग्न मार्गशीर्षात झालेलं. नव्या बायकोला, मेघालीला, बर्फ बघायचा होता, म्हणून स्वारी भूतानला निघाली होती.

"सहा दिवस बस झाले," हरेश म्हणाला. "माघी पौर्णिमेच्या आदल्या राती मी अंजूरला पायजे म्हंजे पायजे. पालखी हाय. माझा मान हाय."

माझा मान! रंजिताच्या हातातलं पेन थांबलं.

अंजूरच्या गावदेवीच्या पालखीचा पहिला खांदा त्यांच्याच भाऊबंदांचा, आणि त्यातही रंजिताच्या वडिलांचा, महादूचा. रीत एकच होती: नारळ फुटताना मानकरी हजर नसला, तर मान भावकीतल्या हजर असलेल्या दुसऱ्या घराला. मागल्या वर्षी महादू वळ गावच्या गोडाऊनवर अडकला. रखवालदाराची ड्युटी, बदली माणूस येईपर्यंत गेट सोडता येत नाही, आणि बदली माणूस आला उशिरा. महादू युनिफॉर्मवरच धावत देवळाशी पोचला, तर नारळ फोडून झालेला आणि हरेश पालखीखाली. भटजी दहा मिनिटं थांबायला तयार होते. हरेशनंच घाई केली होती.

"काका, वेळ म्हंजे वेळ," साऱ्या गावासमोर तो हसत म्हणाला होता. "देवी काय तुमच्या ड्युटीवर चालते का?"

महादू त्या दिवशी घरी आला तो न जेवता झोपला. वर्षभर देवळाकडे फिरकला नाही. रंजिताला हे सगळं आठवत होतं, आणि समोर हरेश पाय हलवत बसला होता.

भूतानचा हिवाळा तिला पाठ होता. खाली पारोत, विमानतळाच्या गावात, ऊन असतं, पण वरच्या खोऱ्यात जायचा घाट एका बर्फात बंद पडतो. तिथल्या ड्रायव्हरनं तिला पहिल्याच वर्षी बजावलं होतं: "मॅडम, जनवरी में ऊपरवाला होटल पहले रखना, आखिर में कभी नहीं. बर्फ गिरा तो गाड़ी दो दिन नहीं हिलेगी." तेव्हापासून ती प्रत्येक गिऱ्हाइकाला वर आधी पाठवायची आणि शेवटचे मुक्काम विमानतळाजवळ ठेवायची.

"दादा, बर्फ शेवटी बघ," ती गोड आवाजात म्हणाली. "शेवटचे दोन मुक्काम वरच्या खोऱ्यात. सकाळी उतरायचं, दुपारचं विमान धरायचं."

"हां, चालेल! तुला कळतंय बाकी यातलं."

कळतंय तर. घाटाबद्दल मात्र तिनं चकार शब्द काढला नाही. हॉटेल तेवढं चांगलं निवडलं, शेकोटीचं. मेघालीशी तिचं काही वाकडं नव्हतं.

मग दोघं भूतानला गेल्यावर पुढचे दिवस तिनं मोबाइलवर तिथलं हवामान बघण्यात घालवले. चार दिवस नुसतं ऊन. तिचा जीव वरखाली होत होता. पाचव्या दिवशी दुपारी ड्रायव्हरचा निरोप आला: घाट बंद. ऑफिसातल्या सगळ्यांना तिनं स्वतःहून चहा पाजला.

पौर्णिमेला सकाळी देवळापुढे गाव जमला. महादूला ती हाताला धरून घेऊन आली होती. भटजींनी नारळ हातात घेतला तोच तिचा फोन वाजला. व्हिडिओवर हरेश, माकडटोपीत, नाक लाल. मागे मेघाली दोन ब्लँकेटांत.

"रंजिता, भटजींना सांग, पालखी उद्या ठेवा! रस्ता खुलतोय. मी येतो!"

महादूनं ते ऐकलं आणि तो लगेच विरघळला. "पोरगा बर्फात अडकलाय गं. थांबूया का?"

"हरेशदादा," रंजिता फोनमध्ये बघून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "वेळ म्हंजे वेळ. देवी काय तुझ्या बर्फावर चालते का?"

आणि तिनं फोन बंद केला. कोणीतरी फिस्सकन हसलं. नारळ फुटला.

महादूनं पालखीखाली खांदा दिला. रंजिता मन भरेपर्यंत बघत राहिली. वर्षभराची आग विझली होती आणि तिला फार बरं वाटत होतं.

पालखी टेकल्यावर महादू तिच्यापाशी आला. डोळे भरलेले, कपाळभर गुलाल.

"देवीनं केलं गं हे," तो म्हणाला. "माणसाच्या हातचं न्हाय. माणसानं केलं असतं ना, तर मी खांदाच लावला नसता."

बापाचा हात धरून रंजिता देवळात गेली, देवीपुढे वाकली, आणि जन्मात पहिल्यांदा तिला देवीचा राग आला.