बाळाला माझं नाव दिलं

मित्रांनो, खिडकीच्या पडद्याच्या टोकाला वजन म्हणून बांधलेला पितळेचा काळपट गोळा दिसतोय ना, तो मी. एक जुना ओळंबा. भिंत सरळ उभी राहिली की नाही, हे पाहायला गवंडी मला दोरीने खाली सोडतात. दोरीत ओवलेला लाकडी ठोकळा वर भिंतीला टेकवायचा आणि मी खाली लटकायचं. मी भिंतीला जेमतेम शिवलो तर भिंत सरळ, मधे फट राहिली तर ती पुढे झुकलेली. यात माझी हुशारी काही नाही. जड असणं आणि गप्प लटकणं, एवढंच मला येतं.

माझा जन्म लेथच्या दुकानात झाला. तिथल्या कारागिराने पितळेच्या जाड कांबीतून मला कातून काढलं आणि खाली टोक केलं. तेव्हा मी असा चकाकत होतो की एका तरुण गवंड्याने मला तळहातावर तोललं आणि थेट खिशातच टाकलं. त्याच्या हाताखाली मी शाळेच्या भिंती पाहिल्या, दवाखान्याच्या पाहिल्या, एका धान्याच्या कोठाराची तर चारही अंगं पाहिली. ठेकेदार म्हणायचा, "याच्या भिंतीला पाठ टेकून बिनघोर झोपावं." गवंडी माझ्याकडे बोट दाखवायचा. कौतुक कोणाला नको असतं? मलाही आवडायचं.

पुढे गवंड्याचे गुडघे कुरकुरू लागले आणि मी त्याच्या मुलाकडे आलो. मुलगा बोलका. मला खाली सोडताना दर वेळी म्हणायचा, "सांग बाबा, जे असेल ते तोंडावर सांग." त्याचं नाव मी तुम्हाला सांगत नाही. या घरात ते कोणी उच्चारत नाही, मग मी कशाला उच्चारू?

एका दुपारी तो परांचीवर उभा राहून भिंत तपासत होता. परांची म्हणजे उंचावर काम करायला बांधलेला फळ्यांचा माचा. त्याने मला खाली सोडलं, दोरी खिळ्याला अडकवली आणि एक पाऊल मागे घेतलं. फळी सरकली. खाली माणसं धावली, आरडाओरडा झाला, कोणी पाणी आणलं. मी तिथेच लटकत होतो, भिंतीला जेमतेम शिवून. भिंत अगदी सरळ होती.

त्यानंतर मी पिशवीत गेलो आणि पिशवी खुंटीवर. पितळ काळवंडलं, दोरीला कुबट वास येऊ लागला. मला त्याचं काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर मला कशाचंच काही वाटत नव्हतं, आणि घरात सगळ्यांचं तसंच होतं. म्हातारा गवंडी दिवसभर खुर्चीत बसायचा. सून भात शिजवायची, कपडे वाळत घालायची आणि वाळलेले कपडे पुन्हा भिजवायची. तिला दिवस गेले होते.

मुलगा झाला. घरात नाव काय ठेवायचं हा प्रश्नच नव्हता. म्हाताऱ्याने ठरवूनच टाकलं होतं, गेलेल्या बापाचं नाव लेकाला. त्याची मुलगी, म्हणजे सुनेची नणंद, म्हणाली, "छान होईल. दादा परत आल्यासारखं वाटेल." सुनेने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ती बाळाला पाजायची, न्हाऊ घालायची, थोपटायची, पण कोणत्याही नावाने हाक मारायची नाही. दवाखान्यात लस टोचणाऱ्या नर्सने विचारलं, "काय नाव ठेवलंत?" तर ही नुसती भिंतीकडे बघत राहिली. म्हातारा चिडला. मग बाळाचं नाव ठेवायचं राहिलं बाजूला आणि घरातले सगळे एकमेकांनाच नावं ठेवू लागले.

अशात एक दिवस वाऱ्याने पडदा सारखा उडत होता आणि ऊन बाळाच्या डोळ्यांवर येत होतं. सुनेला काहीतरी जड हवं होतं. तिने पिशवीत हात घातला, मी हाताला लागलो. मला पडद्याला बांधलं आणि ती तांदूळ निवडायला बसली. मी हलत होतो. रडणारं बाळ एकदम गप्प झालं आणि डोळे विस्फारून माझ्याकडे बघू लागलं. तिने मान वर केली. तिचा आवाज घोगरा झाला होता, बऱ्याच दिवसांत वापरला नव्हता ना.

"काय रे ओळंब्या," ती बाळाला म्हणाली.

ती त्याची पहिली हाक. मग दुसऱ्या दिवशीही तीच, तिसऱ्या दिवशीही तीच.

म्हाताऱ्याने ऐकलं आणि त्याचा पारा चढला. "अवजाराचं नाव? दुसरा झाला असता तर त्याला थापी म्हणाली असतीस?"

"शाळेतली पोरं याला लोंबकळ्या म्हणून चिडवतील, वहिनी," नणंद म्हणाली. "घरात लाडाने म्हण काय म्हणायचं ते. खरं नाव दादाचंच."

"खरं नाव हेच," सून म्हणाली. एवढंच म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

"बघू," म्हातारा म्हणाला. "आजपासून या घरात त्याच्या बापाच्याच नावाने हाक मारायची. माझा शब्द आहे."

त्या संध्याकाळी म्हातारा मोरीत हात धूत होता. सून ताटं घेत होती. नणंद बाळापाशी वाकली आणि बापाचा शब्द राखायचा म्हणून मोठ्याने त्याला दादाच्या नावाने हाक मारली. पुढे म्हणाली, "उठलास का रे?"

मोरीतून म्हातारा ओरडला, "उठतोय कुठला! तो अजून कामावर आहे. ताट झाकून ठेव त्याचं."

आणि सुनेने ताट घेतलं. चौथं ताट. भातसुद्धा वाढला त्यात.

मग तिघांनाही कळलं. नळ वाहत राहिला. नणंदेने तोंडाला पदर लावला. सून रडली नाही. ताटातला भात तिने हळूच पातेल्यात परत घातला.

"बाबा, हे रोज होईल," ती म्हणाली. "मला दिवसातून पन्नासदा हाक मारायची आहे. पन्नासदा मी कोणाला बोलवू?"

म्हातारा ओल्या हातांनी माझ्यापाशी आला. मी वाऱ्याने हेलकावत होतो. गवंड्याची सवय जात नाही, त्याने दोन बोटांनी मला स्थिर केलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. त्याचा हात ओळखीचा होता. पितळेला ते कळतं.

"नाव जड आहे गं पोराला," तो म्हणाला.

"त्याच्या बापाचं याहून जड आहे, बाबा."

पुढच्या लशीला म्हातारा स्वतः काठी टेकत दवाखान्यात गेला. नर्सने नाव विचारलं आणि ऐकून हसू दाबलं. म्हातारा घरी येऊन सांगत होता, "मी म्हटलं, हसा बाई, खुशाल हसा. पण लिहा." सांगताना त्याच्या मिशीखाली जरा हसू हललं. या घरात तेवढंही पुष्कळ होतं.

आता लोक नाक मुरडतात, कोणी तोंडावर हसतात. हसू देत. मित्रांनो, तुमच्या घरात वापरातून गेलेलं एखादं अवजार असेल तर वर्षातून एकदा तरी त्याच्यावरून फडकं फिरवा. चकाकायची हौस आता मला उरलेली नाही, पण हात लागला की बरं वाटतं. आणि कधी एखाद्या लेकराचं नाव ठेवायची पाळी आली, तर लोक काय म्हणतील ते मागाहून विचारा. ज्या बाईला ती हाक रोज मारायची आहे, तिला आधी विचारा. आमच्या बाळाला आता पाय फुटलेत. तो दिवसभर अंगणात मातीत लोळतो. जेवायची वेळ झाली की सून दारातून मोठ्याने हाक मारते, "ओळंब्या!"

आणि तो येतो.