बाबू वायरमनची लाईट

बाबू वायरमनने लावलेली लाईट विझत नाही, ही गोष्ट तोंडवलीपासून मालवण बंदरापर्यंत शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती फक्त त्याच्या सुनेला. आणि कळली तेव्हा तिच्या जिवाला घोरच लागला.

सून अक्षया तळेऱ्याची. माहेरी काजू-आंब्याची बागायत. दर्या तिने लग्नाआधी पाहिला तो शाळेच्या सहलीपुरता. पण बापाचा आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो ती कॉलेजात असल्यापासून हाकायची, त्यामुळे स्टिअरिंगवर हात असा बसलेला की बघत राहावं. नवरा ओंकार मालवाहू जहाजावर, वर्षातला निम्मा काळ पाण्यावर. घरात बसून करायचं काय, म्हणून तिने जुनी चारही चाकं ओढणारी जीप घेतली आणि पर्यटकांना सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळमाळावरच्या, आणि खाडीकाठच्या वाटांनी फिरवायचं ठरवलं.

वाडीला विषयच मिळाला. "सून जीप हाकतली, मगे सासू काय मागसून टिकटी फाडतली?" असं कोणीतरी मासळीच्या लिलावात बोललं आणि चार माणसं खो खो हसली. बाबूने ते ऐकलं. घरी आला, हत्यारांची पिशवी काढली आणि सरळ जीपखाली शिरला.

हा म्हातारा जन्मभर होड्यांचं वायरिंग करत आलेला. अलीकडे मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली तरी नजर बेताचीच, आणि नव्या बोटींना कंपनीचीच पोरं येतात, त्यामुळे त्याला कोणी बोलवेनासं झालं होतं. तो पडवीत बसून राही आणि सुभद्रा, म्हणजे त्याची बायको, त्याला उगाच काहीतरी काम सांगे. जीप आली आणि माणूस पालटला. जीपच्या डोक्यावर दिव्यांची लांब पट्टी, मागे दोन दिवे, थंड पाण्याची पेटी, फोन चार्ज करायची सोय, आणि ट्रॉलरसारखा भोंगा. सगळं त्याने आपल्या हाताने लावलं. जेवताना भाकरी मागून घ्यायला लागला. "ह्या जीपीन आमच्या घोवाक माणसात आणल्यान," असं सुभद्रा शेजारणीला सांगे, तेव्हा अक्षयाला आतून फार बरं वाटे.

मग एक दिवस गाडी चालवताना तिला रबर तापल्यासारखा वास आला. स्विचला बोट लावलं तर गरम. सर्व्हिसिंगला ती गाडी कुडाळला घेऊन गेली. तिथल्या मेकॅनिकने बोनेट उघडलं, आत वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"ह्या कोणा शाण्यान केल्यान?"

बॅटरीपासून एकच वायर निघाली होती आणि सगळा पसारा तिच्यावर टांगलेला. जिथे फ्यूज हवा तिथे तांब्याची तार पिळून बसवलेली. पुढे ती वायर पत्र्याच्या उघड्या भोकातून आत गेली होती, आणि घासून घासून तिचं कातडं निघायच्या बेतात होतं.

"गाडी हादरते, वायर पत्र्यावर घासते," तो म्हणाला. "एक दिवस आतलं तांबं पत्र्याला लागणार. फ्यूज असता तर उडाला असता, लाईट गेली असती, विषय संपला. इथे उडायला काही ठेवलंच नाही. मग वायरच पेटते, आणि ती गेलीय तुमच्या सीटखालून. स्विच बंद असला तरी वायरीत करंट असतो, लक्षात ठेवा. केलं कोणी?"

"मीच केलंय," अक्षया म्हणाली.

तिचं तिलाच नवल वाटलं. पण आपल्या सासऱ्याला कोणी तिऱ्हाईताने शाणा म्हणावं, हे तिला खपेना. मेकॅनिक म्हणाला, काढून नवीन करून देतो. तिने नको म्हटलं. बाबू रोज सकाळी बोनेट उघडून आपलं काम फडक्याने पुसत असे. दुसऱ्याचा हात लागलेला त्याला पहिल्या नजरेत कळला असता, आणि मग तो पुन्हा पडवीत जाऊन बसला असता.

घरी येईपर्यंत तिने मनाशी ठरवलं, दिवे लावायचेच नाहीत. स्विच बंद असला तरी करंट असतो, हे वाक्य तिने सोयीस्कर कानाआड केलं. त्या आठवड्यात एक मोठं कुटुंब फिरायला येणार होतं, त्यांना तिने गाडी नादुरुस्त आहे म्हणून कळवून टाकलं. परक्यांना बसवायचं धाडस झालं नाही. पण दोन दिवसांनी शिरोड्याला सुभद्राच्या भाचीचं लग्न होतं आणि सासू नवी साडी नेसून हक्काने पुढच्या सीटवर चढून बसली, तेव्हा तिला उतरा म्हणायचंही धाडस झालं नाही.

लग्न छान झालं. जीपभोवती पाहुण्यांची गर्दी झाली, बाबूने सगळ्यांना भोंगा वाजवून दाखवला, आणि प्रत्येक भोंग्यानंतर अक्षया स्विच तापला का ते बोट लावून बघत राहिली. परत निघाली तेव्हा दिवस कलला होता. सड्यावर पोचेपर्यंत तिन्हीसांज झाली.

"आता लाव डोक्यावरच्यो लायटी," मागून बाबू म्हणाला.

"नको बाबा, समोरच्याच्या डोळ्यार येतत."

"समोर कोण आसा? ह्यो सडो?"

"लाव गो," सुभद्रा म्हणाली. "लोक बघून गेले, मी एकदा तरी बघलंय काय? माका बघूक दी."

अक्षयाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तेवढ्यात बाबूने दोन सीटमधून हात घातला आणि स्विच दाबला. अख्खा सडा पांढरा झाला. सुभद्रा लहान पोरीसारखी हसली. पुढे रस्त्याखालच्या मोरीचं काम चाललं होतं, रस्ता उखडलेला, गाडी एका खड्ड्यात आदळली, आणि डॅशबोर्डखालून धुराचा लोट आला.

पुढचं सगळं फार पटकन झालं. अक्षयाने ब्रेक मारला, चावी बंद केली, तरी धूर थांबेना. सासूला तिने ओढूनच खाली काढलं. पायाजवळच्या गालिच्याला आग लागली होती. बाबू कधी उतरला आणि त्याने कधी बोनेट उघडलं ते तिला दिसलंच नाही. लग्नाच्या पँटीच्या खिशातही पक्कड बाळगणारा माणूस तो. तापून लाल झालेली वायर त्याने एका हाताने धरली आणि बॅटरीच्या तोंडाशी कापली. अक्षया पाण्याची बाटली शोधत होती.

"पाणी नको, रेती घाल!" बाबू ओरडला.

मोरीसाठी टाकलेल्या रेतीच्या ढिगाकडे सुभद्रा आधीच पोचली होती. नव्या साडीच्या पदरात रेती भरभरून ती आणत होती आणि अक्षया ओंजळी ओंजळीने आत टाकत होती. आग विझली. गालिचा गेला, अर्धी सीट गेली. माणसं तेवढी राहिली.

बाबूने मोबाईलच्या उजेडात कापलेली वायर डोळ्यांपाशी धरली. तळहात भाजला होता, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. आपण पिळलेली तांब्याची तार त्याने ओळखली.

"तुका म्हायत होता?" त्याने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. पण त्याच्या हाताकडे पाहून तिला बोलवेना. "होय. कुडाळात सांगल्यानी."

"मगे?"

"तुमका वाईट वाटात म्हणान..."

"माका वाईट वाटात म्हणान?" या घरात आल्यापासून त्याने तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. "म्हणान तू हीका पुढे बसवन घेवन इलंस? माका वाईट वाटला असता तर दोन दिस जेवण गोड लागला नसता. इतक्याच मा? ही मेली असती गो!"

अक्षयाला रडू फुटलं. तो बोलला त्यातला शब्द न् शब्द खरा होता. कुडाळात ऐकलेलं तिने गिळून टाकलं होतं, आणि त्याला माया असं नाव देऊन मोकळी झाली होती.

"चुकला माझा, बाबा."

बाबूचा आवाज एकदम उतरला. तो रेतीच्या ढिगावर बसला. "तुझा मागसून चुकला. पयला माझा."

सुभद्रा पदर झटकत होती. ती अक्षयाजवळ आली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. "ह्यांका खुळे समजा नको. तू तळेऱ्याची, तुका कसा कळतला? खाऱ्या हवेन फ्यूज कुजता, भर दर्यात लायट जाता. लायट गेली की काळोखात मोठ्या ट्रॉलराक होडी दिसणा नाय. ह्यांचो धाकटो भाव तसोच गेलो. तेच्यामागसून ह्यांनी खंयच्याच होडयेत फ्यूज ठेवलो नाय. तांब्याची तार घालीत. वायर जळली तर जळूंदे, लायट जाता नये. आमी बायलो किनाऱ्यार उभी रवान बघीत रवू. लायट दिसली की समजूचा, घोव जितो आसा."

अक्षयाला वाटलं होतं, म्हाताऱ्याची नजर गेली म्हणून हे असं झालं. आता तिला कळलं की तो तिच्या गाडीत फ्यूज घालायला विसरला नव्हता. सुनेची लाईट कधी जाऊ नये म्हणून त्याने तो मुद्दाम घातला नव्हता. दर्यावरची ती माया त्याने जशीच्या तशी उचलून सड्यावर आणली होती. तिला त्याचं इतकं वाईट वाटलं की ती खाली त्याच्या शेजारी रेतीतच बसली.

"बाबा, दर्यात लायट गेली तर कोणतरी येवन आपाटता. हंय सड्यार लायट गेली तर मी ब्रेक मारतलंय, खाली उतरतलंय आणि तुमका फोन करतलंय."

"इतक्याच?"

"इतक्याच."



गाडी टोचन लावून घरी आली. हाताला मलम लावून बाबू पडवीत बसला तो बसलाच. कुडाळच्या त्या मेकॅनिक पोराला बोलाव म्हणाला. अक्षयाने बोलावलं नाही. ती कुडाळला जाऊन जाड वायर, फ्यूज, पत्र्याच्या भोकांत बसवायची रबरी बुचं असं सगळं घेऊन आली आणि घरापुढच्या खळ्यात त्याच्यासमोर मांडलं.

"माका दिसणा नाय," बाबू म्हणाला.

"माका दिसता. तुमी सांगा, मी करतंय."

म्हातारा हलेना. शेवटी तिने मेकॅनिकला फोन लावला आणि त्याच्या कानालाच दिला. कुठल्या दिव्याला किती जाड वायर, किती मापाचा फ्यूज, असं बोलणं सुरू झालं, बोलता बोलता बाबू ताठ बसला, दोनदा भांडलाही. मग मध्येच फोन खाली ठेवून त्याने सुनेकडे पाहिलं.

"पयला वायरिंग मॅडमनीच केलेला ना, म्हणान इचारता तो. तू सांगलंस तसा?"

अक्षया खाली बघून वायर सोलत राहिली.

"आता तुका शिकवकच व्हया," बाबू म्हणाला. "नायतर लोक म्हणतले, बाबूच्या सुनेक धड गाठ मारूक येणा नाय." आणि त्याने नाक ओढलं, ते सर्दीने नव्हतं.

दोन दिवस ती डॅशबोर्डखाली पाठीवर झोपून होती आणि बाबू बाहेरून शिव्या घालत होता. प्रत्येक दिव्याची लाईन वेगळी, प्रत्येकीला तिचा फ्यूज, तोही बॅटरीच्या अगदी तोंडाशी. तो दर सांधा बोटांनी चाचपून बघे आणि पसंत नसेल तर उपटून टाके. काम संपलं तेव्हा खळ्यात अंधारू लागलं होतं. अक्षयाने डोक्यावरचे दिवे लावले. माडांचे बुंधे, विहीर, शेजारचं अंगण, सगळं लख्ख दिसू लागलं.

"आता मी शॉट करून बघतंय, फ्यूज उडता काय," बाबू म्हणाला.

त्याने वायरचा एक तुकडा घेतला. एक टोक दिव्यांच्या लाईनीला लावलं, दुसरं हातात धरलं. ते पत्र्याजवळ न्यायला त्याला फार वेळ लागला. सगळ्या जन्मात त्याने लाईट आपल्या हाताने घालवली नव्हती. अक्षयाला वाटलं, राहू दे म्हणावं, पण या वेळी ती गप्प राहिली, ते तिने बरोबरच केलं.

टोक पत्र्याला टेकलं. बारीकशी ठिणगी, टक् असा आवाज, आणि सगळं काळोखात बुडालं.

पायरीवर बसलेली सुभद्रा "अगो बाये!" म्हणून ओरडली आणि खांब धरून उभी राहिली.

"गेली मा?" बाबूने विचारलं.

"गेली," अक्षया म्हणाली.

बाबूने वायर चाचपली. बॅटरीपासून सुरुवात केली आणि रबरी बुचातून आत, सीटखालून पार डोक्यावरच्या दिव्यांपर्यंत हात फिरवत गेला. मग त्याने सुभद्राला हाक मारली. ती आली. त्याने तिचा हात धरून वायरीवर ठेवला.

"थंड आसा," तो म्हणाला. "लायट गेली, आणि बघ, सगळा थंड आसा."

सुभद्राने हात बराच वेळ तिथेच ठेवला. किनाऱ्यावर उभी राहून ज्या गोष्टीच्या धास्तीत तिने अर्धा जन्म काढला, ती आत्ता तिच्या डोळ्यांदेखत झाली होती, आणि सगळी माणसं जागच्या जागी होती.

"मगे बरी गेली," ती म्हणाली.

अक्षया नवा फ्यूज आणायला वळली, तेव्हा बाबूने तिचा हात धरला.

"रव गो चेडवा. घायी नाय. जरा बसाया."

मग ती तिघं जीपमध्ये काळोखात बसून राहिली, आणि लाईट लाव असं कोणीच म्हणालं नाही.