शून्य कोणाचं होतं

चष्म्याच्या दुकानांची ती एक साखळी होती. गावोगावी शाखा, प्रत्येक शाखेत पुढे काचेची कपाटं, मागे डोळे तपासायची अंधारी खोली आणि काउंटरखाली एक जुना कॉम्प्युटर. गिऱ्हाइकाचा नंबर, कुठली काच, कुठली फ्रेम, कधी द्यायचा, सगळं त्या कॉम्प्युटरमध्ये. ते सगळे कॉम्प्युटर मुख्य ऑफिसात बसून सांभाळायचं काम तिच्याकडे होतं.

कॉम्प्युटर म्हातारे होते, त्यांच्या डिस्कही म्हाताऱ्या. त्या मधूनमधून तपासाव्या लागत. पूर्वी ती दर सोमवारी एकेका शाखेला फोन करून विचारायची, डिस्क तपासली का, स्क्रीनवर काय आलं. पलीकडून कोणीतरी गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता सांगायचं, हो मॅडम, तपासली, सगळं छान. तपासलेली नसायची हे तिला आवाजावरून कळायचं. शाखांमधले लोक पाठीमागे तिला 'ऑफिसच्या सासूबाई' म्हणतात हेही तिला ठाऊक होतं. तिला त्याचं हसू यायचं.

मग तिने एक प्रोग्राम लिहिला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत दुकानांची शटर अर्धी खाली आली की हा प्रोग्राम ऑफिसातूनच एकेका शाखेच्या कॉम्प्युटरवर जायचा, तिथली डिस्क तपासायला लावायचा आणि परत येताना एक आकडा घेऊन यायचा. कुठलंही काम संपलं की कॉम्प्युटर असा एक आकडा मागे ठेवतो, त्याला एक्झिट कोड म्हणतात. या तपासणीत शून्य म्हणजे सगळं ठीक. एक म्हणजे चुका सापडल्या आणि दुरुस्त केल्या. तीन म्हणजे तपासताच आलं नाही. शून्य आलं की तिच्या स्क्रीनवर शाखेच्या नावापुढे हिरवा ठिपका, दुसरं काही आलं की लाल.

पहिल्या दिवसापासून सगळे ठिपके हिरवे होते. दुपारचा चहा ती त्या हिरव्या रांगेसमोर बसून प्यायची आणि तिला बरं वाटायचं.

बरं वाटण्याचं आणखी एक कारण होतं, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आता तिला एका शाखेला फोन करावा लागत नव्हता. त्या शाखेत डोळे तपासायला बिट्टी होती. बिट्टी म्हणजे तिची नणंद, किंवा एके काळची नणंद.

बिट्टी कॉलेजसाठी भावाकडे राहायला आली तेव्हा भाऊ-वहिनीचं नवीन लग्न झालेलं होतं. घर लहान होतं. परीक्षेच्या दिवसांत बिट्टी दिवाणखान्यात वाचत बसायची आणि वहिनी तिच्याजवळ मटार नाहीतर शेंगा सोलत बसायची, सोबत म्हणून. डोळे तपासायचं शिक्षण सुरू झालं तेव्हा बिट्टीने बेडरूमच्या दारावर अक्षरांचा तक्ता चिकटवला. वहिनीला पलंगावर बसवून तिचा एक डोळा झाकायचा, मग दुसरा, आणि रोज वेगळाच नंबर काढायचा. हसून हसून दोघींच्या पोटात दुखायचं. या दुकानांत नोकरीची जागा आहे हे वहिनीनेच तिला कळवलं होतं.

मग नवरा-बायकोचं जमेना झालं. आरडाओरडा नाही, तमाशा नाही, दोघांनी सह्या केल्या आणि वेगळे झाले. त्यांची मुलगी आईकडे राहिली, रविवारी बाबाकडे जायची. बिट्टीशी तिचं भांडण असं काही झालंच नाही. बोलणं तेवढं थांबलं. उरला तो सोमवारचा फोन. "शाखेतून बोलतेय. तपासणी झाली. एरर नाही." "बरं." एवढाच. एका ताटात जेवलेल्या दोघी बायका, आणि आता एवढंच. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ रिसीव्हरवर हात ठेवून बसायची.

एका दुपारी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. बिट्टीच्या शाखेचा कॉम्प्युटर सकाळपासून सुरूच होत नव्हता. डिस्क गेली असं दिसत होतं. साहेबांनी शांतपणे विचारलं, की तुमच्या तपासणीत काही आलं नव्हतं का. तिने जागेवर येऊन पाहिलं. काल शून्य, परवा शून्य, त्याच्या आधीही शून्यच. बरी असलेली डिस्क एका रात्रीत मरू शकते, मरतातही. पण तिचं मन खाऊ लागलं.

तिने आपला प्रोग्राम उघडला आणि ओळ न ओळ वाचत गेली. डिस्क तपास, अशी एक ओळ होती. तिच्याखाली, निकाल अहवालात लिही, अशी दुसरी. आणि तिथे प्रोग्राम संपत होता. शेवटच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. प्रोग्राम आकडा घेऊन येतो तो शेवटच्या कामाचा. शेवटचं काम डिस्क तपासण्याचं नव्हतंच, अहवाल लिहिण्याचं होतं. अहवाल लिहिता आला का, तर आला, शून्य. तो रोजच लिहिता येत होता. डिस्कचा आकडा मधल्या ओळीतच पडून राहायचा आणि पुसला जायचा.

खात्री करायला तिने जिथे कॉम्प्युटरच नाही असा एक पत्ता देऊन प्रोग्राम चालवला. हिरवा ठिपका आला.

तिने तपासणीच्या ओळीला लागूनच तिचा आकडा बाजूला धरून ठेवला, अहवाल नंतर लिहायला लावला, आणि शेवटी तो धरलेला आकडाच परत पाठवायला सांगितलं. मग सगळ्या शाखांवर पुन्हा चालवलं. बहुतेक शून्य आले, आणि या वेळी ते डिस्कचेच होते. दोन ठिकाणी एक आला. बिट्टीच्या शाखेपुढे तीन.

ती उठून केबिनमध्ये गेली आणि काय झालं ते सांगून, चूक माझी आहे असं म्हणाली. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, बाकीच्यांचं वेळेवर कळलं हे बरं झालं, उद्या नवीन डिस्क घेऊन तुम्हीच जा. दुसऱ्या कुणाला पाठवा, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण तेवढं तोंड तिला राहिलं नव्हतं.

सकाळच्या बसने ती निघाली. मांडीवर पिशवी, पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली नवीन डिस्क. जाऊन आधी काय बोलायचं याची तिने वाटेत चार-पाच वाक्यं जुळवली आणि एकही तिला पटलं नाही.

दुकान नुकतंच झाडून काढलं होतं. बिट्टी पांढरा कोट घालून काउंटरमागे उभी होती, जरा बारीक झालेली. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "आलात? चहा सांगू का, मॅडम?"

बिट्टीने तिला आजवर कधी अहो-जाहो केलं नव्हतं. ती नको म्हणाली आणि सरळ काउंटरखाली वाकली.

झाकण काढून चालू केल्यावर डिस्क टकटक वाजत होती, जिभेने टाळूवर आवाज केल्यासारखी. बिट्टी तिथेच उभी होती. असा आवाज बरेच दिवस येतोय, असं ती हळूच म्हणाली. गिऱ्हाइकाचं नाव काढलं की स्क्रीन थिजायची.

"मग कळवलं का नाहीस?"

"दोनदा फोन उचलला होता." बिट्टी फ्रेमच्या कपाटाची काच पुसायला लागली. ती आधीच स्वच्छ होती. "मग वाटलं, तुमचा प्रोग्राम रोज बघतोच आहे. काही असतं तर तुम्हीच केला असता फोन."

ती जमिनीवर बसल्या बसल्याच सगळं बोलली. प्रोग्राम शून्य आणायचा, ते बघून तिला वाटायचं तिकडे सगळं ठीक आहे, आणि खरं म्हणजे फोन करावा लागत नाही म्हणून सुटल्यासारखंही वाटायचं. बिट्टीने ऐकलं.

"म्हणजे ते शून्य खोटं होतं?"

"खोटं नव्हतं. दुसऱ्याच कामाचं होतं. मी विचारलं एकाला आणि उत्तर घेतलं दुसऱ्याचं."

बिट्टीने फडकं ठेवून दिलं आणि दोन कप चहा सांगितला.

जुन्या डिस्कमधून निघेल तेवढं काढून घ्यायचं काम सुरू झालं. ते कासवाच्या चालीने चाललं होतं. बरंचसं निघत होतं, पण अलीकडच्या काही आठवड्यांची पानं वाचताच येत नव्हती. ज्यांचे चष्मे व्हायचे होते त्यांना पुन्हा बोलावणं भाग होतं. बिट्टीने काउंटरवरच्या फोनवरून एकेकाला विनंती करायला सुरुवात केली. काही चिडले, काही आले. एक शिंपी आले, सुईत दोरा जात नाही म्हणून वैतागलेले. बिट्टी त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेली आणि पडद्यामागून तिचा आवाज येऊ लागला. "यात बरं दिसतं, की यात? घाई नाही काका. पुन्हा दाखवते. यात, की यात?"

बाहेर ती स्क्रूड्रायव्हर हातात धरून ऐकत राहिली. केवढी तयार झाली होती ही. हिच्या हातून रोज वेगळा नंबर निघायचा.

दुपारी शटर अर्धं खाली ओढलं. ती नवीन डिस्कवरचा बारीक आकडा वाचत होती, हात लांब करून, मान मागे नेऊन, मग खिडकीकडे धरून. बिट्टी थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "इकडे या. बसा आत."

"अगं, मला काय झालंय?"

"काय झालंय ते मी सांगते. बसा."

आत अंधार होता, समोर अक्षरांचा तक्ता तेवढा उजळलेला. बिट्टीने तिच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली, कानामागचे केस बाजूला केले आणि काचा घालायला लागली. तिचा चेहरा इतका जवळ होता की श्वास गालाला जाणवत होता. यात बरं की यात, यात की यात. मग हातात बारीक अक्षरांचा पुठ्ठा दिला, काच बदलली, आणि त्याच आवाजात, जसं काही तपासणीतलंच पुढचं वाक्य असावं तसं म्हणाली, "तुम्हाला काय म्हणून हाक मारायची तेच मला कळेना."

ती पुठ्ठ्याकडे बघत राहिली.

"वहिनी म्हणायचे ती दादामुळे," बिट्टी म्हणाली. "ते संपलं. नावाने कधी हाक मारली नाही, जीभच वळत नाही. मॅडम म्हणवत नव्हतं. फोन उचलायचे आणि पहिल्या शब्दावरच अडायचे. म्हणून आपलं, शाखेतून बोलतेय."

"ते ऐकवायचं नाही मला. म्हणून तुझा नंबर मी सगळ्यांत शेवटी लावायचे."

"मला वाटायचं, तुम्हाला आमच्या घरातलं कुणी नकोच आहे."

"तुझ्या दादाशी माझं नाही जमलं, ते आमचं दोघांचं. तुझ्याशी माझं काय बिघडलं होतं? तू मला वहिनीच म्हण. त्याला कुणाची परवानगी लागते का?"

बाहेर जुनी डिस्क टकटकत होती. वहिनी पुन्हा पुठ्ठ्याकडे बघायला लागली, पण अक्षरं विरघळली होती, आणि फ्रेमच्या काचांवर खालून वाफ धरत होती.

"रडू नकोस ना वहिनी," बिट्टी म्हणाली, आणि तिचाही आवाज फाटला. "नंबर चुकेल."

मग दोघी अंधारात हसायला लागल्या, नाक ओढत. बिट्टीने कोटाच्या बाहीने आधी काचा पुसल्या, मग स्वतःचे डोळे, आणि सगळी तपासणी पहिल्यापासून केली. शेवटी दिवा लावून जाहीर केलं, की चाळिशी लागली आहे आणि लागून बरेच दिवस झाले आहेत. ती म्हणाली, मला नाही लागलेली, ऑफिसातला उजेड कमी आहे. बिट्टी म्हणाली, सगळी गिऱ्हाइकं हेच म्हणतात.

संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटर उभा राहिला. जेवढं गेलं होतं तेवढं गेलं होतं, पण बोलावलेल्यांपैकी बरेचजण आठवड्याभरात येऊन गेले. ऑफिसात तिने प्रोग्रामला आणखी एक गोष्ट शिकवली. तीन आला की नुसता लाल ठिपका नको, शब्दांतच लिही, 'तपासता आलं नाही.' तसं आलं की ती फोन उचलते.

पुढच्या शनिवारी दुपारी दारावरची बेल वाजली. मुलीने दार उघडलं तर आत्या उभी, खांद्याला पिशवी. या घरात ती पहिल्यांदाच येत होती. मुलीने एकदा आत्याकडे पाहिलं, एकदा वळून आईकडे पाहिलं, आणि आत्याच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली.

बिट्टीने चष्मा स्वतः करून आणला होता. तो वहिनीच्या डोळ्यांवर चढवून तिने लांबून पाहिलं, जवळून पाहिलं, तो काढून त्याची एक काडी केस वाळवायच्या मशीनसमोर धरली, गरम झाल्यावर कानाच्या वळणाने वाकवली आणि चष्मा पुन्हा चढवला.

"टोचतंय कुठे?"

"नाही." ती बिट्टीच्या चेहऱ्याकडेच बघत होती. "तुझे केस पिकलेत गं, कानापाशी."

"चष्मा दिला म्हणून लगेच माझ्यावरच का?" बिट्टी म्हणाली.

संध्याकाळी दोघी स्वयंपाकाला लागल्या. शेवटची बस कधी आहे हा विषय कुणी काढला नाही. आतून काहीतरी ओढल्याचा आवाज आला म्हणून ती बघायला गेली, तर मुलीने पलंगाखालची जादा गादी बाहेर काढली होती आणि ती आपल्या अंथरुणाला चिकटवून, चादरीचे कोपरे नीट खोचत बसली होती.